खुडूक कोंबडी आणि घरातली कुत्री-मांजरं : या दिवसांत घ्यायची काळजी

दिवस मोठे होऊ लागले की परसातल्या कोंबड्या एकेक करून खुडूक बसायला लागतात, म्हणजे अंडी देणं थांबवून ती उबवायला बसतात. तक्रारीही त्याच सुमारास सुरू होतात. कालपर्यंत गरीब असलेली कोंबडी मांजर दिसलं की धावून जाते, कुत्र्याला अंगणभर पळवते, सशाच्या जाळीवर चोची मारते. वैतागून अशी कोंबडी काढून टाकायचं बरेच जण ठरवतात. त्याआधी थोडं थांबा. कोंबडी विनाकारण चवताळत नाही, आणि ते कारण बहुतेक वेळा आपल्याला शोधता येतं.

अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा तिला हळूच उचला आणि बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. छातीवरची पिसं गेली आहेत, कातडी उघडी आणि हाताला गरम लागते, तर ती खुडूक आहे. जुनी पिसं झडून नवी येत असतील, तर त्या कोवळ्या पिसांच्या नळ्यांत रक्त असतं. तिथे धक्का लागला तरी तिला दुखतं आणि ती कुणालाच जवळ येऊ देत नाही. तळपायाला सूज आहे का, कुठे जखम आहे का, तेही बघा. लाल गोचीड-किडे दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. बसायच्या दांडीची खालची बाजू पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर लाल डाग उमटले, तर रात्र-रात्र तिला झोप मिळालेली नाही असं समजा.

इथे एक महत्त्वाची सूचना. किड्यांसाठी वापरायच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, आणि मांजराला ते विषारी आहे. फवारलेल्या खुराड्यात किंवा भुकटी लावलेल्या कोंबडीजवळ मांजर जाणार नाही याची खबरदारी घ्या. कुत्र्याच्या पिसवांचं औषध कोंबडीला परस्पर लावू नका, त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो.

कोंबडी खुडूक असेल आणि पिल्लं नको असतील, तर खुडूक लवकर मोडा. अंडी रोज काढून घ्या. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून वर ठेवा, म्हणजे तिच्या पोटाखालून हवा खेळेल. पाला-पेंढा काही घालू नका, दाणा-पाणी आणि उजेड मात्र भरपूर ठेवा. साधारण तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या मोकळ्या होतात. सोडल्यावर ती थेट खुराड्यातल्या कोपऱ्याकडे गेली, तर पुन्हा दोन दिवस पिंजऱ्यात ठेवा.

पिल्लं हवी असतील, तर अंडी उबायला लागणाऱ्या २१ दिवसांची सोय आधीच करा. रवणीची, म्हणजे अंडी उबवत बसायची, जागा अशी निवडा की तिथून कुत्रं-मांजर दिसणारसुद्धा नाही. ती दिवसातून एकदा-दोनदा पंधरा-वीस मिनिटं खायला, प्यायला, शिटायला उठते. हल्ले बहुधा याच वेळी होतात. तिची उठायची वेळ लक्षात ठेवा आणि तेवढा वेळ कुत्र्याला बांधा, मांजराला घरात घ्या. पिल्लं निघाल्यावर सहा ते आठ आठवडे ती याहून तापट असते.

आमच्या तांबड्या कोंबडीची पिल्लं आठवडाभराची होती, तेव्हाची गोष्ट. मांजर उन्हात पंजा चाटत बसलं होतं, पिल्लांकडे त्याचं लक्षही नव्हतं. कोंबडी दहा हातांवरून मान फुलवून, पंख जमिनीला टेकवत आली आणि डोळ्यावर एकच चोच मारून परत फिरली. रक्त आलं नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी मांजराचा डोळा अर्धा मिटलेला आणि पाणी गळतंय. पशुवैद्यांनी डोळ्यात रंग घातला तेव्हा बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकला. डोळा वाचला, पण ती दुपार माझ्या मनातून जात नाही. म्हणून कळकळीने सांगते : चोचीनंतर डोळा मिचमिचत असेल, लाल असेल, पाणी येत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. घरात उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते.

कुत्र्याच्या बाबतीत कोंबडीच्या धिटाईवर विसंबू नका. आज ते मागे सरतं, पण ज्या क्षणी कोंबडी पाठ फिरवून पळते, त्या क्षणी त्याची पाठलागाची वृत्ती जागी होते आणि एका चाव्यात सगळं संपतं. ओळख करून द्यायचीच असेल तर खुडूक आणि पिल्लांचा काळ सरू द्या. मग कुत्र्याला पट्ट्यावर धरून, मधे जाळी ठेवून, रोज दहा-पंधरा मिनिटं बसवा. कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्या. कित्येक आठवडे लागतील. त्यानंतरही दोघांना एकटं सोडू नका.

मांजराने कोंबडीला चावलं, तर वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत जंतू शिरलेले असतात. थांबून पाहण्यात वेळ घालवू नका, उपचार लवकर हवेत. ससे आणि गिनी पिग कोंबड्यांच्या आवारात सोडूच नयेत. चोचीचा धोका आहेच, शिवाय सशाच्या नाकातले काही जंतू कोंबड्यांना आजारी करू शकतात. आजारी किंवा मेलेला पक्षी मांजरापासून दूर ठेवा, बर्ड फ्लू मांजरांनाही होतो.

खाण्यावरूनही भांडणं होतात. कुत्र्या-मांजराची ताटली आत ठेवा, कोंबडीचा दाणा जाळीआड. पिल्लांच्या काही खाद्यांत मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कुत्र्याने ते खाल्लं तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा पोतं उघडं टाकू नका.

कोंबडी तुमच्यावर धावली तर लाथ किंवा झाडू मारू नका. मार खाल्लेली कोंबडी पुढच्या वेळी आधीच हल्ला करते. जागेवर उभे राहा, डालं किंवा फळी मधे धरा. पकडता आली तर पंख दाबून काखेत घ्या, आणि अंग सैल सोडेपर्यंत तशीच धरून ठेवा. चोच घरी कापू नका; चोचीच्या टोकाला संवेदना असते, तिला वेदना होतात. खुराड्यात गर्दी असेल तर तीही कमी करा. दर कोंबडीमागे आत निदान ४ आणि बाहेर १० चौरस फूट जागा असावी.

पिल्लं मोठी झाली की कोंबडी स्वतःच त्यांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते. तेव्हा मधली जाळी थोडा-थोडा वेळ काढून बघा. तरीही ती धावतच राहिली आणि दुखणं-किडे काही नसेल, तर तिचं आवार कायमचं वेगळं करा; सोबतीला एक शांत कोंबडी द्या.