रंध्याचं पातं: विकत घ्यायचं की घरी घडवायचं?

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मला एक अरुंद रंधा मिळाला. चौकटीच्या लाकडाला पायरीसारखी खाच काढतात ना, त्या कामाचा. सागवानी, हाताने घडवलेला, पाचर जागेवर, पण पातं गायब. विकणारा म्हणाला, "पात्याचं काय, बोहरी आळीत कुठंही मिळंल." बोहरी आळीत तीन दुकानं पालथी घातली. पाती होती, पण 44 आणि 50 मिलिमीटरची. माझ्या रंध्याची रुंदी भरली 31.2 मिलिमीटर. त्यातून त्याला सरळ पट्टी चालत नाही. खाली रंध्याएवढं रुंद आणि वर जेमतेम बोटाएवढी शेपटी, असं उलट्या 'टी'सारखं पातं लागतं. शेवटी ते घरीच घडवलं. एक नव्हे, दोन. कारण पहिलं तडकलं. पुढचं सगळं त्या दोन पात्यांतून शिकलेलं आहे.

आधी माप, मग निर्णय

व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि रंधा मोजा. लोखंडी रंधा असेल तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. 3 नंबरच्या रंध्याला 44 मिमी, 4 आणि 5 नंबरला 50 मिमी, 6 आणि 7 नंबरला 60 मिमी रुंदीचं पातं बसतं. ही मापं बाजारात तयार मिळतात, ती मुकाट विकत घ्या. कारखान्यातलं पातं भट्टीत एकसारखं तापवलेलं असतं. घरी कितीही जपून केलं तरी तेवढा एकसारखेपणा येत नाही.

पैसे वाचवायला म्हणून घडवायला बसणार असाल तर हिशोब आधीच करा. पट्टी, हॅक्सॉची दोन-तीन पाती, ड्रिल, कोळसा, दोन लिटर तेल आणि तुमचे दोन रविवार. तयार पातं यापेक्षा स्वस्तच पडतं. घडवायचं ते माप मिळत नसेल तर, किंवा हौस असेल तर.

स्क्रूच्या बाबतीत मात्र हौससुद्धा करू नका. जुन्या स्टॅन्ले रंध्याच्या मुठीतली सळई 12 नंबरची आणि इंचाला 20 आट्यांची असते. काही स्क्रू 9/32 इंच व्यासाचे, इंचाला 24 आटे. असे आटे पाडायचे टॅप आणि डाय आपल्याकडे साध्या दुकानात सापडत नाहीत. मोडका रंधा भंगारात शोधा आणि त्याचे स्क्रू काढून घ्या.

मधला एक रस्ताही आहे. पातं कापून, घासून तुम्ही तयार करायचं आणि फक्त पाणी द्यायला, म्हणजे तापवून आणि बुडवून कडक करायला, बाहेर टाकायचं. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटवाले आहेत. एका नगासाठी कुणी भट्टी पेटवत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर आपला तुकडा सरकवून द्यावा लागतो. ओळख असली की काम होतं.

पोलाद कुठलं

दुकानात "ओएचएनएस पट्टी द्या" म्हणा. तेलात पाणी दिलं तरी कडक होणारं आणि फारसं वाकडं न होणारं हे पोलाद आहे. त्यात कार्बन साधारण 0.9 ते 1 टक्का असतो. ते मऊ अवस्थेत मिळतं, त्यामुळे करवतीने कापता येतं. 3 मिमी जाड, 40 मिमी रुंद आणि वीतभर लांब तुकडा पुरतो. दुकानदार बरोबर साधी एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी दाखवेल, "हीच घ्या, स्वस्त आहे" म्हणेल. ती घेऊ नका. तिच्यात कार्बन इतका कमी की कितीही तापवून बुडवा, धार धरणार नाही.

ट्रकचा कमानपाटा गावाकडचे लोहार कोयत्या-खुरप्यांना वापरतात आणि तिथे तो उत्तम. कोयत्याला चिवटपणा हवा. रंध्याच्या धारेला कडकपणा हवा, आणि तो कमानपाट्यात कमी पडतो. जुनी कानस चालते असं सगळेच सांगतात. चालते, पण हल्लीच्या स्वस्त कानशी कधी कधी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात. ग्राइंडरवर लावून पाहा: ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटत असतील तर कार्बन भरपूर आहे. लांब, सरळ रेघा उडाल्या तर ती कानस ठेवून द्या.

आखणी आणि कापणी

पट्टीवर निळ्या मार्करने रंग द्या आणि सुईने आखा. खालची रुंदी रंध्याच्या अंगापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना पातं केसभर बाहेर येईल. ते आत राहिलं तर खाचेची कड साफ निघत नाही आणि रंधा हळूहळू बाहेर सरकतो. माझ्या पात्याची रुंदी मी 31.7 धरली, शेपटी 12 मिमी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शेपटी जिथे रुंद भागाला मिळते, त्या दोन खांद्यांच्या कोपऱ्यांत करवत लावण्याआधी 4 मिमीचं भोक पाडा. भोक टाकाऊ बाजूला, दोन्ही रेघांना नुसतं चाटून जाईल असं. त्याने आतला कोपरा गोल राहतो. पहिल्या वेळी मला हे अनावश्यक नखरे वाटले होते. करवतीने काटकोनात छान टोकदार कोपरा काढला, कानशीने आणखी टोकदार केला आणि स्वतःवर खूश झालो. पातं लाल करून तेलात सोडलं, दोन सेकंद गेले आणि 'टिक्' असा आवाज आला. बाटलीचं झाकण उघडावं इतका बारीक. बाहेर काढून पुसलं तर डाव्या खांद्याच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ तिरकी खाली गेलेली. पोलाद एकदम आक्रसतं तेव्हा सगळा ताण टोकदार कोपऱ्यात एकवटतो.

3 मिमी जाडीला हॅक्सॉचं इंचाला 24 दातांचं पातं लावा. जाडीत एका वेळी तीन तरी दात बसायला हवेत, नाहीतर दात अडकून मोडतात. शेपटीच्या बाजूचे उभे काप लांब असतात आणि मध्येच फ्रेम आडवी येते. तेव्हा ब्लेड 90 अंशांत फिरवून लावा. रेघेपासून एक मिलिमीटर बाहेरून कापा, उरलेलं कानशीने. अँगल ग्राइंडरने काम पाच मिनिटांत होतं खरं, पण कापलेली कड जागोजागी कडक होते आणि मग त्यावर कानस घसरत राहते.

कानस पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. दातांत चुरा अडकू नये म्हणून अधूनमधून तिच्यावर खडू घासा.

उतार

धारेचा उतार 25 अंशांचा. कोनमापक नसला तरी हरकत नाही: 3 मिमी जाडीला 25 अंश म्हणजे उताराची लांबी 7 मिमीच्या किंचित वर. रेघ आखा आणि तिथपर्यंत घासा. पण धार काढू नका. टोकाला अर्धा ते एक मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवा. पातळ धार भट्टीत आधी तापते, तिच्यातला कार्बन जळतो आणि ती लाटेसारखी वाकते.

पाणी देणं

हे काम संध्याकाळी, गॅलरीत किंवा अंगणात करा. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. सुती कपडे, चष्मा, लांब सांडशी, बाजूला वाळूची बादली. पोरं आणि मांजर घरात. तेलासाठी उभा स्टीलचा डबा घ्या, प्लॅस्टिक चुकूनही नको, आणि डब्याचं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलंच तर झाकण लावायचं, पाणी कधीच ओतायचं नाही. तेल शेंगदाण्याचं चालतं. इंजिनाचं जुनं तेल फुकट मिळतं, पण त्याचा धूर वाईट. तेल 50-60 अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढतं.

तापवायला कोळशाची शेगडी आणि हेअर ड्रायर पुरतो. ड्रायरचं तोंड फूटभर लोखंडी नळीला जोडा, नाहीतर घरात भांडण. स्वयंपाकघरातला छोटा गॅस टॉर्च एवढ्या लोखंडाला पुरत नाही. फक्त रुंद भाग तापवायचा, शेपटी नाही. लाल व्हायला लागलं की लोखंडी तारेला बांधलेला चुंबक टेकवून पाहा. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून आणखी थोडं वर, 800 च्या आसपास, न्या आणि मिनिटभर तसंच धरा. नारिंगी झालं तर जास्त झालं.

मग सरळ उभं तेलात सोडा आणि वर-खाली हलवा. डावीकडे-उजवीकडे फिरवलंत तर एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं. हात लावण्याइतकं गार झालं की जुनी कानस कडेवर फिरवून पाहा. काचेवरून फिरवल्यासारखी घसरली तर पाणी बसलं. चावली तर पुन्हा तापवा.

या क्षणी पातं काचेसारखं ठिसूळ असतं. "उद्या बघू" म्हणून ठेवू नका. रात्रीत आपोआप तडकू शकतं. साबणाने तेल धुवा, एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि ओटीजीत 200 अंशांवर तासभर ठेवा. गार करा, पुन्हा एक तास. ट्रेमध्ये वाळू पसरून त्यावर ठेवलं तर ओटीजीचा काटा खाली-वर झाला तरी फरक पडत नाही. चकचकीत बाजू फिक्या गवताच्या रंगाची झाली की बरोबर. जांभळी झाली तर 270 च्या पुढे गेलात, निळी झाली तर 300 च्या जवळ, आणि धार मऊ पडली. मग परत शेगडी पेटवा.

घासणं आणि बसवणं

काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवा: 220, 400, 800. पात्याची पाठ धारेजवळची 10-15 मिमीच सपाट करायची. ती किंचित खोलगट आली असेल तर तुमचं नशीब, कडा लगेच टेकतात. फुगीर आली असेल तर घासता घासता हात भरून येतात. मग सहाणेवर 25 चा उतार पूर्ण करून टोकाला 30 अंशांची बारीक धार. ग्राइंडर वापरलात तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं.

पातं बसवताना मला आणखी एक धक्का बसला. जुन्या लाकडी रंध्यांची पाती धारेकडे जाड आणि वर पातळ होत गेलेली असत, आणि पाचर त्या उताराला जुळवून तासलेली असे. आपली पट्टी सगळीकडे सारखी जाड. त्यामुळे जुनी पाचर वरच घट्ट होते, खाली सैल राहते, आणि पहिल्याच फटक्यात पातं मागे सरकतं. पाचरीवर खडू घासून ती ठोका, काढा, खडू कुठे पुसला ते पाहा आणि तेवढंच पटाशीने खरवडा. मला असे सात-आठ फेरे लागले. नवव्या वेळी सागाच्या पट्टीवरून रंधा ओढला, तेव्हा रिबिनीसारखी छिलपट निघाली, रुंदी बरोबर खाचेएवढी. तडकलेलं पहिलं पातं कापून त्याची आखायची सुरी केली आहे.