सर्व्हिसिंगनंतर ऑइलची लाइट घालवण्याआधी

ऑइल नवं पडलं, बिल झालं, तरी चावी ऑन केली की मीटरवर पान्याचं चिन्ह तसंच दिसतं, आणि पहिला संशय मिस्त्रीवर जातो. बहुतेक गाड्यांत या चिन्हामागे असतो तो काउंटर ऑइल तपासतच नाही. मागच्या रीसेटपासून किती किलोमीटर पळाली, किती महिने झाले, एवढंच तो मोजतो, आणि शून्यावर त्याला माणसानंच आणावं लागतं. म्हणजे ऑइल जुनंच ठेवून लाइट घालवणंही तितकंच सोपं. म्हणून बटणाला हात लावण्याआधीची तयारी नीट करा.

आधी चिन्ह ओळखा. पाना किंवा सर्व्हिसची अक्षरी सूचना असेल तर ती आठवण. इंजिन चालू असताना लाल किटली आणि तिचा थेंब दिसला तर ऑइलचा दाब गेलाय. गाडी तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्याला रीसेट नसतो.

मग सपाट जागेवर गाडी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून परत घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका; ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट किंवा फिल्टर पाझरत असेल तर सकाळी डाग सांगेल. बिलावरचा ऑइलचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवा, फिल्टर बदलल्याची नोंद आहे का तेही पाहा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा.

आपल्याकडे खरी गोम पुढेच आहे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा हिशोब असतो. पण तो साध्या वापराचा. धूळ, कडक ऊन, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या असतील तर ऑइल लवकर बदला, असं मॅन्युअलमध्येच वेगळं दिलेलं असतं, आणि ते पान फारसं कुणी उघडत नाही. शेतरस्त्याचा फुफाटा, एप्रिल-मे मधलं चाळिशीपारचं ऊन, गाव ते तालुका अशा रोजच्या फेऱ्या: बीड, परभणी, हिंगोलीकडचा वापर याच पानावरचा. जालन्याहून समृद्धीवरून नागपूरला एका दमात जाणाऱ्या गाडीचं ऑइल त्या मानानं सुखात असतं. दोघींचा काउंटर मात्र सारखाच मोजतो. मीटरच्या मेनूत सर्व्हिसचं अंतर कमी करता येत असेल तर करा, नाहीतर वहीतला आकडा खरा माना.

आता रीसेट. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, दारं बंद. मॅन्युअलचं ते पान मांडीवर असू द्या, कारण प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी. चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही. बटणस्टार्ट गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबलं की इग्निशन ऑन होतं; बऱ्याच गाड्यांत ते दोनदा दाबावं लागतं. काही गाड्यांत मेनूतून सर्व्हिसवर जाऊन बटण धरून ठेवायचं, काही जुन्यांत ट्रिपची कळ दाबून धरतच चावी फिरवायची. आकडा बदलेपर्यंत सोडू नका. मग बंद करून पुन्हा ऑन करा आणि खात्री करा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) डिझेलवाल्यांनी जास्त जपावं. काजळीचा फिल्टर साफ होताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसू शकते. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर लाइट येवो न येवो, गाडी दाखवा. अशा काही गाड्यांचा काउंटर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावूनच शून्य होतो, तेव्हा गॅरेजकडे स्कॅनर आहे का ते आधीच विचारून घ्या. बॅटरीची वायर काढण्याचा उपाय कुणी सुचवला तर करू नका; आकडा बहुधा तसाच राहतो आणि घड्याळ, रेडिओ पुन्हा लावत बसावं लागतं.

सगळ्यात बरं म्हणजे गाडी ताब्यात घेतानाच चावी ऑन करून पुढच्या सर्व्हिसचा आकडा मिस्त्रीला दाखवायला सांगा, आणि तो पाहूनच पैसे द्या.