दिन की दीन?

सोसायटीच्या फलकावर १ मेला ‘महाराष्ट्र दीन’ लिहिलेलं पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. एका वेलांटीने अख्खं राज्य दीनवाणं झालं की!

गोंधळ होतो तेव्हा मी शब्दाला शेपूट जोडून बघते. ‘दिनांक’, ‘दिनदर्शिका’ जुळत असेल तर वेलांटी पहिली. ‘दीनदुबळा’, ‘दीनवाणा’ जुळत असेल तर दुसरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘दिनदर्शिका’ छापलेलं असतंच, मान वर करून बघायचं.

फक्त मोबाइलच्या भरवशावर राहू नका. दोन्ही शब्द कोशात असल्याने तो चूक दाखवत नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनाचा बॅनर तर छापायला देण्याआधी दोनदा वाचा.