ओसीएफएस२: स्वतःच्याच लॉकवर अडकलेली प्रोसेस, आणि दुरुस्ती करताना टाळायच्या चुका

ओसीएफएस२ ही लिनक्समधली क्लस्टर फाइल सिस्टिम: अनेक मशिनी, म्हणजे नोड, एकच डिस्क एकाच वेळी वापरतात आणि लॉक घेऊन एकमेकांशी जुळवून घेतात. अशा एका नोडवर साधं चीमॉड, म्हणजे फाइलच्या परवानग्या बदलणारी आज्ञा, चालवलं आणि ते परतच आलं नाही. कर्नल लॉगमध्ये टास्क १२० सेकंदांहून जास्त काळ अडकल्याचा इशारा आला. संशय आधी नेटवर्कवर जातो, मग स्टोरेजवर. ओसीएफएस२ मध्ये पुष्कळदा काखेत कळसा आणि गावाला वळसा असतो: प्रोसेस स्वतःच धरलेल्या लॉकची वाट पाहत बसलेली असते.

लिनक्स कर्नलमध्ये २०१७ साली दुरुस्त झालेला बग याच जातीचा. ओसीएफएस२_परमिशन हे फंक्शन आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) क्लस्टर लॉक, म्हणजे सगळ्या नोडना लागू होणारा लॉक, वाचनासाठी, म्हणजे पीआर मोडमध्ये घेतं. पुढे परवानगीची सर्वसाधारण तपासणी एसीएल (फाइलवर कोणाला काय परवानगी याची यादी) मागते, आणि एसीएल आणणारं ओसीएफएस२चंच फंक्शन तोच लॉक पुन्हा मागतं. पीआरवर पीआर चालतो, म्हणून एरवी हे खपून जातं. पण नेमकं या दोन मागण्यांच्या मध्ये दुसऱ्या नोडने ईएक्स, म्हणजे लिहिण्यासाठीचा एकट्याचा लॉक, मागितला, तर लॉक खाली आणण्याचा निरोप, म्हणजे बास्ट, येतो आणि लॉकवर ‘ब्लॉक्ड’ खूण लागते. आता नवी मागणी डाउनकन्व्हर्टसाठी, म्हणजे लॉक खालच्या पातळीवर आणला जाईपर्यंत, थांबते, डाउनकन्व्हर्ट थ्रेड जुना पीआर सुटण्यासाठी थांबतो, आणि जुना पीआर ज्या प्रोसेसच्या हातात आहे तीच नव्या मागणीवर झोपलेली!

पहिली चूक म्हणजे ओरडणाऱ्या नोडवरच शोधत राहणं. चीमॉडवाला नोड बिचारा सरळ रांगेत उभा असतो. डीबगएफएस.ओसीएफएस२ या तपासणीच्या साधनातली एफएस_लॉक्स ही आज्ञा मोठ्या बी पर्यायासह चालवली की फक्त ‘बिझी’, म्हणजे मागणी अजून पूर्ण न झालेले, लॉक दिसतात. ईएक्सची वाट पाहणाऱ्या नोडवर त्याने लॉकचं नाव मिळतं, पण खऱ्या गुन्हेगाराच्या नोडवर तोच लॉक बिझी नसतो, ब्लॉक्ड असतो, म्हणून गाळला जातो. तिथे लॉकचं नाव देऊनच विचारा. आरओ होल्डर (वाचनासाठी लॉक धरणारे) एक किंवा जास्त आणि ब्लॉकिंग मोड एक्सक्लुझिव्ह दिसला, की सिसआरक्यू या कर्नलच्या तातडीच्या आज्ञांपैकी डब्ल्यूने अडकलेल्या टास्कचे स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं याची साखळी) काढा. एकाच स्टॅकमध्ये परमिशनचं फंक्शन आणि एसीएलचं फंक्शन एकाखाली एक सापडेल. हे सगळं रीबूटच्या आधी. रीबूटने क्लस्टर सुटतो खरा, पण पुरावाही जातो.

दुरुस्तीतली सर्वांत मोहक चूक अशी: होल्डरची संख्या शून्यापेक्षा जास्त असेल तर ब्लॉक्ड खुणेकडे दुर्लक्ष करून लॉक देऊन टाकायचा. संख्या ‘किती’ सांगते, ‘कोण’ नाही. होल्डर दुसरी प्रोसेस असेल तर वाचणाऱ्यांची साखळी तुटतच नाही आणि पलीकडचा नोड ईएक्ससाठी ताटकळतो. म्हणूनच २०१७च्या दुरुस्तीत प्रत्येक लॉकसोबत होल्डरची यादी ठेवली गेली, प्रोसेसच्या पीआयडीसह, म्हणजे ओळख क्रमांकासह. त्यातलं आयनोड_लॉक_ट्रॅकर हे फंक्शन आधी ही यादी पाहतं, आपलंच नाव असेल तर पुन्हा लॉक मागत नाही.

यादीत नाव घातलं की काढायलाही हवं, एररने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर. आणि आधी पीआर धरून आतल्या फंक्शनने ईएक्स मागितला, तर ट्रॅकरची पळवाट लावू नका. पीआरच्या जोरावर लिहिणं म्हणजे डेटा बिघडवणं; तिथे बाहेरच्या फंक्शनलाच सुरुवातीला ईएक्स घ्यायला लावावं. मध्येच लॉक सोडून पुन्हा घेणं हाही उपाय नव्हे, कारण तेवढ्यात आयनोड बदललेला असू शकतो.

एकाच नोडवर चाचणी केली तर बास्ट पाठवायला कोणी नसतंच, त्यामुळे पॅच पास झाला याला अर्थ नाही. एसीएल सुरू असलेल्या माउंटवर एका नोडवरून नव्या फाइली तयार करून त्यांवर चीमॉड चालवत राहा, आणि त्याच वेळी दुसऱ्या नोडवरून त्या उघडत राहा. उघडणारा वापरकर्ता फाइलचा मालक नको, कारण मालकासाठी एसीएल तपासलीच जात नाही. नव्या फाइली यासाठी: एसीएल कॅशमध्ये असेपर्यंत दुसरी मागणी होत नाही आणि बग दिसतच नाही.