डॅकमुळे रेडिओत येणारी खरखर कशी घालवावी

निपाणीत बसून मीडियम वेव्हवर ७६५ किलोहर्ट्झला आकाशवाणी धारवाड लावायचं आणि शेजारी लॅपटॉपला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारी डबी) जोडायचा, म्हणजे खरखर आलीच. स्टेशन लांबचं, सिग्नल आधीच क्षीण.

आधी चोर कोण ते ठरवा. लाइट गेली की सेलवरचा रेडिओ घ्या. गल्लीतले एलईडी आणि चार्जर तेव्हा गप्प असतात. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून डॅक चालवा. मीडियम वेव्हवर खरखर नसेल आणि लाइट आल्यावर चार्जर लावताच सुरू झाली, तर डॅकला दोष देऊ नका, चार्जर बदला. बहुतेक घरांत तोच निघतो.

एफएमवर गंमत वेगळी. तिथं खरखर नसते, स्टेशन नसलेल्या जागेचा फुसफुसाट अचानक बंद पडतो. डॅकमध्ये घड्याळं, म्हणजे ठराविक ठोके देणारे स्फटिक असतात. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलसाठीचं २४.५७६ मेगाहर्ट्झचं घड्याळ चौपटीत ९८.३ मेगाहर्ट्झवर उमटतं, ४४.१ साठीचं २२.५७९२ चं ९०.३ वर. ४८ किलोहर्ट्झची फाइल थांबवून ४४.१ ची लावल्यावर मुकी जागा ९८.३ वरून ९०.३ वर सरकली, तर पुरावा मिळाला.

आता फेराइट, म्हणजे केबलवरचा रेडिओ गोंगाट अडवणारी चुंबकीय पदार्थाची रिंग किंवा क्लिप. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली. डॅकच्या डबीला चांदीचा कागद गुंडाळून काही होत नाही, कारण अँटेनाचं काम डबी नाही, केबल करते. केबल एकदाच ओवलेली क्लिप मीडियम वेव्हवर जवळपास निरुपयोगी. रिंगेतून केबलचे वेढे वाढले की अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, पाच वेढ्यांना साधारण पंचवीसपट. म्हणून मोठ्या भोकाची रिंग आणि पातळ केबल घ्या. अख्खी केबल गुंडाळा, आतली एखादी तार सुटी काढून नव्हे. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर एफएमच्या वारंवारितेला आडवाट मिळते. तिथं दोन-तीन वेढेच पुरे. रिंग डॅकला अगदी खेटून बसवा.

आणि फरक पडला नाही म्हणून ती काढू नका! स्पीकरकडे जाणारी केबलही तितकीच ओरडते. दोन्हींवर रिंगा बसवा, मगच निकाल द्या. एक भोक बुजवून पिंप गळायचं थांबत नाही.

अर्थिंगची पिन काढायला सांगणाऱ्याचं मुळीच ऐकू नका, शॉक बसू शकतो.

उरलेली खरखर रेडिओ दोन हात लांब नेऊन आणि जागच्या जागी फिरवून घालवा.