वाइड लेन्स आहे म्हणून मागे जाऊ नका

गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीत, ६×९ चा (६×९ सेंमी फ्रेमचा) फिल्म कॅमेरा घेऊन उभं राहिलं की वाटतं, ६५ मिमीची लेन्स आहे, सगळंच मावेल. मावतं खरं, पण माड काडीएवढे होतात आणि फ्रेमभर नुसतं आभाळ उरतं. म्हणून पुढे सरका. मानशीचं (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) भिजून काळं पडलेलं लाकडी दार, बांधाचे शेवाळलेले चिरे, असं काहीतरी दोन मीटरवर धरा. चित्राला खोली तिथूनच येते.

अशा रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो; त्या व्ह्यूफाइंडरमध्ये जवळचं-लांबचं सगळं कायम स्पष्टच दिसतं. फसगत होते ती इथेच. एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून, फोकस साधारण पावणेतीन मीटरवर ठेवला तर दीड मीटरच्या जरा अलीकडून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. मोठी प्रिंट काढायची असेल तर मी फोकस पावणेचार मीटरवर नेते आणि दोन मीटरच्या आत काही येऊ देत नाही. एवढ्या लहान छिद्राला शटर हळू चालतं, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. वारा असेल तर माडांची झावळं थांबेपर्यंत थांबा. कॅमेरा वर-खाली झुकला की कडेचे माड तिरके होतात, तेव्हा पाणसळीच्या बुडबुड्याकडे एकदा नजर टाका.

पावसाळ्यात एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, काचेवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर आणा. १२० च्या फिल्म रोलवर ६×९ च्या फ्रेम आठच मिळतात.