छोट्या धंद्याची वेबसाइट: कुणाला कुठलं साधन

नाशिकच्या अंबडमधलं जॉबवर्कचं वर्कशॉप, पंचवटीतला लॉज आणि येवल्याची पैठणी विकणारं दुकान, तिघांनाही वेबसाइट हवी असते, पण एकच साधन तिघांना पुरत नाही. म्हणून 'वर्डप्रेस की विक्स' हा साइट बनवायच्या साधनांचा वाद जरा बाजूला ठेवा. आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: साइटवर आलेल्या गिऱ्हाइकाने पुढे काय करायचं, आणि भाव बदलला की साइटवरचा आकडा कोण बदलणार. दुसऱ्या ओळीत 'साइट करून देणारा मुलगा' असं आलं, तर दिवाळीचे भाव पुढच्या पाडव्यालाही तसेच दिसणार हे धरून चाला. ज्याच्या हातात रोज धंदा आहे त्याला मोबाइलवरून बदलता येईल असंच साधन घ्या.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपला कार्ट आणि पेमेंट लागत नाही. पुण्याच्या कंपनीतला परचेसवाला साइट उघडतो ती मशिनची यादी बघायला: व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनच्या) टेबलचा आकार, टर्निंगला जास्तीत जास्त किती व्यास, सीएमएम (मापं तपासायचं मशिन) आहे का, आयएसओ सर्टिफिकेटची मुदत कधी संपते. हे सगळं टाइप केलेल्या मजकुरात हवं. ब्रोशरचा फोटो चिकटवला तर तो शोधात नीट सापडत नाही आणि मोबाइलवर वाचताही येत नाही. अशा साइटला चार पानं पुष्कळ झाली.

लॉजवाल्यांनी ऑनलाइन बुकिंगच्या मोहात लगेच पडू नये. तीच खोली साइटवर, हॉटेल बुकिंगच्या ॲपवर आणि काउंटरवर अशी तीन ठिकाणी विकायची, तर तिन्हीकडचा हिशेब जुळवणारा चॅनल मॅनेजर लागतो. तो नसेल तर एकाच खोलीच्या दोन पावत्या फाटतात. २०२७च्या सिंहस्थात हा घोळ परवडणार नाही. रामकुंडापासूनचं चालत अंतर, बस उभी राहते का, चेक-इनची वेळ, खोल्यांचे खरे फोटो आणि फोन-व्हॉट्सॲपचं बटण, एवढ्यावर काम भागतं. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ने सुरू करा. आधी शून्य किंवा अधिकचं चिन्ह घालू नका.

डोमेन आधी, साधन नंतर

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी फुकट साइट बनवता यायची. मार्च २०२४मध्ये गूगलने ती सोय बंद केली, आणि ज्यांनी तो फुकटचा पत्ता पाटीवर, बिलबुकावर छापला होता त्यांचा पत्ताच गेला. प्रोफाइल स्वतः अजून फुकट आहे आणि नकाशावर दिसण्यासाठी ते कराच, पण साइटचा पत्ता स्वतःच्या मालकीचा ठेवा.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, धंद्याच्या मालकाने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून, स्वतःच्या कार्डाने घ्यायचं. साइट बनवणाऱ्याने 'माझ्या खात्यातून घेतो, सोपं पडेल' म्हटलं तर नको म्हणा. पुढे भांडण झालं किंवा तो फोन उचलेनासा झाला, तर डोमेन त्याच्याकडेच राहतं. हूइजमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींत) बघून खात्री करू म्हणाल, तर हल्ली बहुतेक नोंदींत मालकाचं नाव झाकलेलं असतं. खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असणं हाच खरा पुरावा. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. पहिल्या वर्षाच्या जाहिरातीतल्या किमतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला. डॉट कॉमची मुदत उलटून सवलतीचा काळही संपला, की तेच नाव सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट दंड मागतात.

साधनांचे तीन मार्ग

विक्ससारखे बिल्डर सर्वांत सोपे. होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), एसएसएल (साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट), अपडेट सगळं त्यांच्याकडे. अडचण एवढीच की साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सोडायचं तर पानं पुन्हा नव्याने मांडावी लागतात. फुकटच्या प्लॅनवर त्यांची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, म्हणून धंद्यासाठी फुकटचा प्लॅन हिशेबात धरूच नका. तरीही वर्कशॉप, क्लास, दवाखाना, लॉज अशा चार-पाच पानांच्या कामाला आमची पहिली पसंती बिल्डरलाच. कारण अशा धंद्यात वर्डप्रेसचे अपडेट करायला कुणी बसत नाही.

वर्डप्रेस घ्यायचं ठरलं तर स्वतःच्या होस्टिंगवर टाकायचं सॉफ्टवेअर वेगळं आणि वर्डप्रेस डॉट कॉमची सेवा वेगळी, हे आधी नीट समजून घ्या. सॉफ्टवेअर फुकट आहे, साइट पूर्ण तुमची असते, कुठेही नेता येते. पण सांभाळ तुमच्या गळ्यात. होस्टिंग घेताना मुंबईतला सर्व्हर मिळतो का, रोजचा बॅकअप आहे का आणि नूतनीकरण कितीला, हे विचारा. तीन वर्षांचं एकदम भरून घेतात आणि चौथ्या वर्षी दर दुप्पट-तिप्पट होतो. एसएसएलसाठी वेगळे पैसे मागितले तर दुसरीकडे जा, लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, हलकी घ्या, ॲस्ट्रा किंवा जनरेटप्रेससारखी, आणि पानं वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्येच मांडा. पानं मांडायची काही जोड-सॉफ्टवेअरं, म्हणजे पेज बिल्डर, अशी आहेत की ते बंद केले की पानभर चौकटी कंसातला कोड उरतो. महागडी थीम 'क्रॅक' करून फुकट देणारा भेटला तर हात जोडा. वर्डप्रेस साइट हॅक होण्याची ती हमखास वाट आहे.

वर्डप्रेसवर नेहमी होणारा आणखी एक त्रास: संपर्काचा फॉर्म भरला जातो, पण ईमेल येत नाही. होस्टिंगच्या सर्व्हरवरून थेट गेलेला मेल जीमेल स्पॅममध्ये टाकतं किंवा अडवतं. एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगिन बसवून खऱ्या मेलबॉक्समधून पाठवा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी घाला.

तिसरा मार्ग दुकानाचा: वर्डप्रेसवर वूकॉमर्स, किंवा शॉपिफाय. इथे नुसत्या महिन्याच्या भाड्याची तुलना करू नका, वस्तू काय आहे ते बघा. पैठणी असेल तर प्रत्येक नग एकच. स्टॉक १ लावा आणि दुकानात ती विकली गेली की त्याच मिनिटाला साइटवरून काढा. नाहीतर पैसे परत करावे लागतात, आणि गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं, शुल्क सहसा परत मिळत नाही. ते शुल्क किती? १५,००० रुपयांच्या पैठणीवर २ टक्के म्हणजे ३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४, एकूण ३५४. शॉपिफायवर बाहेरचा गेटवे वापरला तर त्यांची वेगळी टक्केवारी यात मिळवा.

चिवडा, मनुके यांचं गणित कुरिअरवर अडतं. कुरिअर साधारण ५०० ग्रॅमच्या टप्प्याने पैसे घेतं, त्यामुळे अर्धा किलो मनुके खोक्यासकट ६०० ग्रॅम भरले की एक किलोचा दर लागतो. चिवडा तर हलका पण फुगीर. ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटरच्या खोक्याचं आकारमान ९,०००. त्याला ५,०००ने भागलं की १.८ किलो. आत चिवडा अर्धा किलो असला तरी बिल दोन किलोचं येतं. म्हणून खोकं आधी ठरवा, किंमत नंतर. शॉपिफायमध्ये वजनाप्रमाणे दर लावायची सोय आतच आहे. वूकॉमर्समध्ये मुळात ठरावीक दर, मोफत पोच आणि दुकानातून नेणं एवढंच मिळतं, वजनाच्या तक्त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन लागतं.

गेटवेचा अर्ज भरण्याआधी अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही पानं तयार ठेवा. ती नसली की अर्ज अडतो. खाण्याच्या मालावर एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक दाखवा. पॅकबंद मालाची एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता हेही साइटवर द्यावं लागतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही हवा; छोट्या दुकानात ते नाव मालकाचंच असतं.

मराठी मजकूर

छापखान्याकडून जुन्या पत्रकाची फाइल मिळते ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात. कॉपी करून टाकली की साइटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत) रूपांतर करा आणि नंतर रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य' डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. फॉन्टात सोय असेल तर 'ल' आणि 'श' मग मराठी वळणाचे येतात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर हिंदी वळणाचे. नोटो सान्स देवनागरी चालतो, मथळ्याला तिरो देवनागरी मराठी शोभतो. देवनागरी फॉन्टच्या फाइल जड असतात, म्हणून साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत लिहा. देवनागरी पत्त्यातलं एकेक अक्षर किंवा काना-मात्रेचं चिन्ह कोडमध्ये नऊ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेसची मर्यादा दोनशेची, त्यामुळे बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता तुटतो. व्हॉट्सॲपवर तो टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन जातो ते वेगळंच.

फोटो १,२०० ते १,६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात, २०० केबीच्या आत. मोबाइलवरून काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवला तर कुठलंही साधन साइट पळवू शकत नाही. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजायच्या साधनात मोबाइलचा आकडा बघा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे.

शेवटचा हप्ता देण्याआधी डोमेन, होस्टिंग, साइटचं ॲडमिन आणि सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते दाखवणारं साधन) ही चारही खाती मालकाच्या ईमेलवर आहेत का ते स्वतः लॉगिन करून बघा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा, फॉर्म भरा, एक रुपयाची वस्तू ठेवून ती विकत घ्या आणि पैसे परतही करून बघा. वर्डप्रेस असेल तर बॅकअपची फाइल साइट बनवणाऱ्याकडून रिकाम्या जागी एकदा उभी करून घ्या.